पायातली गुठळी: गोळ्या, ठिबक की ओढून काढणं?

पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली की रक्त पातळ करणारी औषधं सुरू होतातच; पुढे गुठळी काढायला शिरेत बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, घातलं तरी ती सुटत नाहीत. ही औषधं गुठळी वाढू देत नाहीत, ती विरघळवायचं काम शरीर सावकाश करतं. पोटरीतल्या गुठळीला बहुधा एवढं पुरतं. कॅथेटरचा विचार करावा तो जांघेतून ओटीपोटाकडे गेलेल्या, साधारण १४ दिवसांच्या आतल्या गुठळीसाठी.

तिथेही आशा बेतानं धरावी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'अट्रॅक्ट' चाचणीत ६९२ रुग्ण होते. दोन वर्षांच्या काळात पाय सुजणं, जड होणं, ठणकणं हा त्रास कॅथेटर गटात ४७ टक्क्यांना झाला, नुसत्या औषधांच्या गटात ४८ टक्क्यांना. म्हणजे फरक नाहीच. मात्र मध्यम ते तीव्र त्रास १८ विरुद्ध २४ टक्के होता. पहिल्या दहा दिवसांतला मोठा रक्तस्राव मात्र १.७ विरुद्ध ०.३ टक्के. मला हा सौदा तरुण, धावपळीच्या आणि पाय खूप सुजलेल्या माणसासाठीच पटतो.

आता कॅथेटरमधले दोन मार्ग. ठिबकात बारीक छिद्रांची नळी गुठळीत ठेवून अल्टेप्लेजसारखं गुठळी विरघळवणारं औषध अनेकदा रात्रभर सोडतात. रुग्ण देखरेखीखाली पडून राहतो, रक्ततपासण्या चालू असतात. मेंदूत रक्तस्राव होण्याची शक्यता थोडी असली, तरी असते. नुकतीच मोठी शस्त्रक्रिया किंवा पक्षाघात झाला असेल तर हा मार्ग बहुधा बंदच.

यंत्रानं काढायच्या पद्धतीत गुठळी शोषून किंवा जाळीनं ओढून बाहेर घेतात. काम बरेचदा एकाच बैठकीत होतं, विरघळवणारं औषध थोडं लागतं किंवा लागतच नाही. म्हणून रक्तस्रावाची भीती असलेल्यांना हा पर्याय जवळचा. पण पाण्याच्या झोतानं गुठळी फोडणाऱ्या यंत्रात तांबड्या पेशीही फुटतात. लघवी लाल होते, मूत्रपिंडावर ताण येतो. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर कोणतं यंत्र वापरणार, हे विचाराच. आणि गुठळी जुनी होऊन शिरेच्या भिंतीला चिकटली, की यंत्रही हतबल होतं.

डाव्या पायात गुठळी असेल तर आणखी एक प्रश्न. ओटीपोटात उजव्या बाजूची धमनी डाव्या शिरेला दाबत असेल, तर गुठळी काढूनही अडथळा तसाच राहतो आणि शीर उघडी ठेवणारा स्टेंट लागू शकतो. त्याची तयारी आधीच ठरवून घ्यावी.

पाय निळसर, घट्ट आणि असह्य दुखरा झाला, किंवा पांढराफटक पडून गार झाला, तर ही तुलना बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठावं.