फुस्तातच्या ममी: गाइड नको, वेळ हवा

कैरोत गेलात तर फुस्तातचं राष्ट्रीय संस्कृती संग्रहालय चुकवू नका. २०२१ पासून २२ राजेशाही ममी इथेच आहेत. दुसऱ्या रामसेसचे तांबूस केस बघताना माझे पाय जागचे हलेनात! फोटोंना बंदी आहे, तेच बरं. माणसं शांतपणे बघतात.

आमच्या गाइडने मात्र ‘आजच्या इजिप्शियनांचा यांच्याशी संबंधच नाही’ असं ठोकून दिलं. फार वाईट वाटलं. अबुसीर अल-मलेक या इजिप्तमधल्या जुन्या दफनस्थळी सापडलेल्या ममींचा डीएनए २०१७ मध्ये तपासला गेला, त्यात ममींपेक्षा आजच्या लोकांत सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकी वंशाचा वाटा साधारण ८ टक्क्यांनी जास्त दिसला. नातं तुटल्याचं कुठेच नाही. बाहेर चहावाल्या आजोबांना विचारलं, तर ते छातीवर हात ठेवून नुसते हसले.

दोन तास तरी ठेवाच.