सीट बेल्टची बुरशी: साबणाचं पाणी की व्हिनेगर?

कोल्हापूरच्या पावसात गाडी पंधरा दिवस बंद राहिली की बेल्टवर पांढरे-हिरवे ठिपके धरतात. आधी पट्टा शेवटपर्यंत ओढून रीलपाशी चिमटा लावा. रीलमध्ये पाणी अजिबात जाऊ देऊ नका.

घामाचा काळपट, चिकट थर असेल तर साबणच बरा: लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर सौम्य लिक्विड, मऊ ब्रश विणीच्या दिशेने. स्वस्त, वासही नाही. पण बुरशीचा कुबटपणा त्याने सहसा हटत नाही. तिथे पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, अर्ध्या तासाने ओल्या फडक्याने पुसायचं. आंबट वास थोडा रेंगाळतो.

वाळवणं दोन्हीकडे सारखंच: दार उघडून टेबलफॅन, रात्रभर, चिमटा तसाच. ओला पट्टा गुंडाळला की बुरशी परत आलीच. ब्लीच नकोच, धागा कमकुवत होतो.

रोजच्या मळाला साबण, बुरशीला व्हिनेगर. कडा उसवल्या असतील तर मात्र बेल्ट बदलाच.