पांढरं बॅकग्राउंड, छोटी खोली: भिंत, पेपर रोल, कापड की सॉफ्टबॉक्स?

घरच्या घरी पोर्ट्रेटचा सराव करायचा आणि मागे एकदम शुभ्र पांढरं हवं, असं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "बॅकड्रॉप कुठला घेऊ?" माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. मागच्या बाजूसाठी वेगळा लाइट आहे का आणि माणूस भिंतीपासून किती पुढे उभा करता येतो, हे आधी बघा.

समजा, लाइट चेहऱ्यापासून 1 मीटरवर आहे आणि चेहऱ्याच्या मागे 2 मीटरवर भिंत. म्हणजे लाइटपासून भिंत 3 मीटर. अंतर तिप्पट झालं की प्रकाश नवव्या हिश्शावर येतो, म्हणजे तीन स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) थोडा जास्तच उतरतो. पांढरा रंग मधल्या करड्यापेक्षा (कॅमेरा ज्याला सरासरी उजेड धरतो तो करडा) साधारण सव्वादोन स्टॉप उजळ असतो. हिशोब करा: चेहऱ्याचं एक्स्पोजर बरोबर ठेवलं, तर ती पांढरीफेक भिंत फोटोत मधल्या करड्याहूनही गडद येणार. महागातला रोल आणला तरी तोही तसाच करडा दिसेल. माणसाला भिंतीला चिकटवून उभं केलं तर भिंत उजळते खरी, पण मग त्याची सावलीही मागे चिकटते. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते आधी दुसऱ्या लाइटवर घाला, बॅकड्रॉपवर नंतर.

आता पर्याय.

भिंत

फुकट आहे, सुरकुत्या नाहीत, स्टँड लागत नाही. छाती-खांद्यापर्यंतच्या पोर्ट्रेटला मॅट रंगाची पांढरी भिंत पुरते. चकचकीत रंगाची असेल तर लाइट जिथे पडतो तिथे गोल झळाळी दिसते आणि कडेला करडं उरतं. बऱ्याच "पांढऱ्या" भिंती मुळात क्रीम असतात, पण त्याची फार काळजी नको. बॅकग्राउंड पूर्ण जळालं (लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल 255 ला, म्हणजे कमाल मर्यादेला टेकले) की रंगाची छटा आपोआप जाते. खरा त्रास बाजूच्या रंगीत भिंती देतात. हिरव्या भिंतीवरून आलेला उजेड गालावर बसला की एडिटिंगमध्ये तो काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. कमरेखालचं काही दाखवायचं असेल तर भिंत बाद, कारण जमीन आणि भिंत मिळतात ती रेघ लपत नाही.

पेपर रोल

फुलबॉडीसाठी याला तोड नाही. कागद वरून खाली येऊन जमिनीवर वळतो, कोपरा दिसतच नाही. रोल मुख्यतः दोन रुंदीत मिळतात: 1.35 मीटर आणि 2.72 मीटर. छोटा रोल एका माणसाला, तोही फार तर मांडीपर्यंत. दोघं असतील किंवा पाय दाखवायचे असतील तर मोठाच लागतो. पण आधी टेप घेऊन मोजा, कारण पावणेतीन मीटरची नळी जिन्याच्या वळणावरून वर नेणं हा स्वतंत्र कार्यक्रम आहे. शिवाय दोन स्टँड आणि आडवा दांडा धरून तेवढी रुंदी खोलीत मोकळी हवी. रोल उभा ठेवायचा. आडवा ठेवला तर मधे वाकतो आणि उलगडल्यावर लाटा दिसतात. दमट हवेतही तसंच. पावलांचे डाग पडले की तेवढा तुकडा कापून टाकायचा.

एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही: मागचा कागद पांढरा झाला तरी पायाखालचा करडाच राहतो, कारण तिथे मागचे लाइट पोचत नाहीत. पायाखाली पांढऱ्या चकचकीत ॲक्रिलिकची शीट टाकली तर ती मागचा पांढरा उजेड परावर्तित करते आणि बरंच काम भागतं. उरलेलं एडिटिंगमध्ये.

कापड आणि व्हिनाइल

कापडाची घडी घालून कपाटात ठेवता येते, एवढाच त्याचा मोठा गुण. सुरकुत्यांवर बाजूने लाइट पडला तर प्रत्येक घडीला सावली येते. त्यामुळे कापड ताणून क्लिप लावा आणि लाइट शक्य तितका समोरून द्या. बॅकग्राउंड चांगलं उजळलं की बारीक सुरकुत्या जातात, जाड घड्या जात नाहीत. पातळ कापडातून मागची भिंत दिसते, तेव्हा दुहेरी करून लावा. व्हिनाइल पुसता येतं म्हणून लहान मुलांच्या फोटोंना बरं. पण चमकतं आणि गुंडाळीचा बाक लवकर सोडत नाही.

मागे सॉफ्टबॉक्स

अगदी लहान खोली आणि फक्त हेडशॉट, अशी गरज असेल तर माझं मत इथेच पडतं. साधारण 90 × 120 सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड असलेली लाइटची पेटी) माणसाच्या पाठीमागे, कॅमेऱ्याकडे तोंड करून. तोच बॅकग्राउंड आणि तोच लाइट. माणूस त्याच्यापुढे अर्धा-पाऊण मीटरवर उभा राहिला तरी चालतं. भिंतीला मात्र दीड-दोन मीटर सोडावे लागतात, आणि भिंत एकसारखी उजळायला दोन्ही बाजूंना एकेक लाइट लागतो. म्हणजे भिंतीला एकूण तीन लाइट, इथे दोनच.

याची खोड अशी की लाइट थेट लेन्समध्ये येतो. जरा जास्त झाला की चेहऱ्यावर धुकं पसरल्यासारखं होतं, काळे केस तपकिरी दिसतात, कानाच्या कडा विरघळतात. फ्रेमबाहेर उरलेला सॉफ्टबॉक्सचा भाग काळ्या कापडाने झाका. आतला डिफ्यूझर (उजेड पसरवणारं कापड) काढू नका, नाहीतर मधोमध जास्त उजळ आणि कडा मंद.

किती उजेड पुरे, हे लाइट मीटर (उजेड मोजायचं यंत्र) नसतानाही कळतं. पुढचा लाइट बंद करा, माणूस जागेवर उभा ठेवा, फक्त मागचा लाइट चालू. कॅमेऱ्यात हायलाइट अलर्ट (पूर्ण पांढरा झालेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सोय) लावा आणि बॅकग्राउंड सगळीकडे लुकलुकायला लागेपर्यंत पॉवर हळूहळू वाढवा. लुकलुकलं की थांबा. आता फोटो झूम करून केसांची कड बघा. माणूस काळ्या आकृतीसारखा आणि सुटे केस एकेक वेगळे दिसले पाहिजेत. केस पांढऱ्यात बुडत असतील तर पॉवर थोडी कमी करा किंवा माणसाला पुढे घ्या. हे जमलं की पुढचा लाइट सुरू करा. सराव मोकळ्या काळ्या केसांवरच करा. बांधलेल्या केसांवर सगळंच छान दिसतं.

फ्लॅश की एलईडी?

शिकायला एलईडी सोपा, कारण जे दिसतं तेच येतं. पण घरगुती एलईडी पॅनलवर बॅकग्राउंड जाळून चेहराही नीट ठेवायचा म्हटलं तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 800 किंवा त्यापुढे न्यावं लागतं. समोर प्रखर पॅनल सतत जळत असेल तर डोळे बारीक होतात ते वेगळंच. स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश) असेल तर शटर 1/160 सेकंद, ॲपर्चर एफ 8, आयएसओ 100 वर खोलीतला उजेड फोटोत जवळपास उरत नाही आणि हललेला हातही स्पष्ट येतो. 1/200 किंवा 1/250 च्या पुढे मात्र बहुतेक कॅमेऱ्यांत फोटोवर काळा पट्टा येतो. मागे एलईडी आणि पुढे फ्लॅश अशी काटकसर सुचते, पण त्या सेटिंगला मागचा एलईडी जवळपास नाहीसाच होतो. त्यामुळे दोन्ही स्पीडलाइटच घ्या, साधे मॅन्युअल आणि ते दुरून उडवायला एक ट्रिगर.

आणि एडिटिंगमध्ये बॅकग्राउंड बदलू म्हणत असाल तर चार फोटोंना ठीक आहे. सॉफ्टवेअर माणूस छान निवडतं, केसांशी मात्र अडखळतं. चाळीस फोटोंत प्रत्येक बट हाताने सोडवण्यापेक्षा मागचा स्टँड अर्धा फूट हलवणं केव्हाही परवडतं.