दमटपणा ठरवायचा कशावरून? टक्का, दवबिंदू की वेट बल्ब

हवामानाचं कुठलंही अ‍ॅप उघडलं की आर्द्रतेचा टक्का ठळक दिसतो. दवबिंदू खाली कुठेतरी असतो आणि वेट बल्ब तापमान बहुतेक ठिकाणी नसतंच. या क्रमामुळे टक्का हाच मुख्य आकडा असावा असं वाटतं. पण खिडकी उघडायची का, कूलर घ्यायचा की एसी, दुपारी मैदानावर सराव ठेवायचा की नाही, असं काही ठरवायचं असेल तर टक्क्यावर विसंबून बऱ्याचदा फसायला होतं. निर्णय कशाचा आहे, त्यावर कोणता आकडा बघायचा ते ठरतं.

टक्क्याची अडचण अशी, की तो दोन गोष्टींचा मिळून बनतो. हवेत प्रत्यक्ष बाष्प किती आहे आणि त्या तापमानाला जास्तीत जास्त किती असू शकतं, यांचं ते गुणोत्तर. ही दुसरी मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते, नेहमीच्या तापमानांत दर अंशाला सहा-सात टक्क्यांनी. 10 अंश सेल्सिअसला एक घनमीटर जागेत साधारण 9 ग्रॅम बाष्प मावतं, 20 अंशांना 17 आणि 30 अंशांना 30. (हवा स्पंजासारखी पाणी धरून ठेवते असं शिकवतात, ते सोयीचं असलं तरी खरं नाही. किती पाणी वायुरूपात राहील हे तापमान ठरवतं. हवा नसलेल्या बंद भांड्यातही मर्यादा जवळपास तेवढीच असते.)

आता एकच दिवस घ्या. पहाटे 22 अंश आणि 95 टक्के, दुपारी 34 अंश आणि 47 टक्के. आकडे बघून वाटेल की हवा अर्धी कोरडी झाली. प्रत्यक्षात बाष्प होतं तेवढंच आहे, फक्त तापमान चढलं. दवबिंदू मात्र दोन्ही वेळेला 21 अंशांच्या आसपासच राहतो. कारण तो सांगतो ते एवढंच: हीच हवा किती अंशांपर्यंत थंड केली की तिच्यातलं पाणी दव होऊन बसायला लागेल. बाष्प वाढलं की तो चढतो, घटलं की उतरतो. ऊन आणि सावली यांच्याशी त्याचं देणंघेणं नाही.

म्हणून ‘आज चिकचिक होणार का’ या प्रश्नाला दवबिंदूइतकं सरळ उत्तर दुसरा आकडा देत नाही. 15 च्या खाली असेल तर बहुतेकांना हवा हलकी वाटते. 18 ते 20 ला अंगाला जाणवायला लागतं, 21 च्या वर घाम सुकत नाही आणि 24 च्या वर बसल्याजागी निथळायला होतं. सवयीनुसार माणसामाणसात फरक पडतो, पण क्रम हाच. 10 अंश आणि 90 टक्क्यांची गारठलेली सकाळ कुणाला घामट वाटत नाही, कारण तिथे दवबिंदू 8 च्या आसपास असतो. 32 अंश आणि 55 टक्के मात्र नकोसे होतात, तिथे तो 22 च्या जवळ असतो. सौदी अरेबियातल्या धहरान इथे जुलै 2003 मध्ये 35 अंशांचा दवबिंदू नोंदला गेला, तेव्हा तापमान 42 होतं. म्हणजे आर्द्रता होती 70 टक्क्यांच्या आतच. टक्का पाहून त्या दिवसाची भीषणता कळली नसती.

खिडकीचा प्रश्नही इथेच सुटतो, आणि लोक सर्वात जास्त चुकतात ते इथेच. तळघरात 22 अंश, 75 टक्के. बाहेर 30 अंश, 60 टक्के. बाहेर टक्का कमी म्हणून खिडक्या सताड उघडल्या जातात. पण आतला दवबिंदू 17 आहे आणि बाहेरचा 21. बाहेरची हवा आत येऊन 22 अंशांना आली की तीच 95 टक्क्यांच्या वर जाते. भिंतींना ओल येते, कपाटातले कपडे सादळतात आणि दोष मात्र पावसाला दिला जातो. नियम सोपा आहे: बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी असेल तरच हवा खेळवून ओल कमी होते. थंड प्रदेशात हिवाळ्यात नेमकं उलटं घडतं. बाहेर शून्य अंश आणि 100 टक्के असलेली हवा आत घेऊन 20 अंशांपर्यंत तापवली की जेमतेम 26 टक्के उरते. ओठ फुटतात ते त्यामुळे.

मग टक्का निरुपयोगी का? अजिबात नाही. लाकूड, कागद, कापड, चामडं, साठवलेलं धान्य या वस्तू हवेशी पाण्याची देवाणघेवाण करतात ती मुख्यतः सापेक्ष आर्द्रतेनुसार, म्हणजे याच टक्क्यानुसार. दार फुगून अडकणं, गिटारचं लाकूड तडकणं, पुस्तकांना बुरशी लागणं हा सगळा टक्क्याचा कारभार. घरात तो 60 च्या खाली राहिला तर बुरशीचा बंदोबस्त बराचसा होतो. फक्त खोलीच्या मधोमध मोजून समाधान मानू नका. थंड भिंतीला चिकटून असलेल्या हवेचं तापमान कमी, म्हणून तिथला टक्का जास्त. कपाटामागे बुरशी आधी येते, त्याचं कारण हेच.

वेट बल्बकडे फार थोडे जण बघतात. ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकावर वारा घातला की बाष्पीभवनाने पारा जिथपर्यंत उतरतो, ते हे तापमान. कूलर घ्यावा का, याचं उत्तर यात तयार आहे, कारण कूलरही पाणी उडवूनच हवा थंड करतो आणि या आकड्याच्या खाली तो जाऊच शकत नाही. 40 अंश आणि 15 टक्के असताना वेट बल्ब सुमारे 21 येतं. म्हणजे उतरायला 19 अंशांची वाव, त्यातली बरीचशी चांगला कूलर वापरतो. 34 अंश आणि 70 टक्क्यांना ते 29 येतं. वाव पाच अंशांची, शिवाय खोलीत दमटपणाची भर. तिथे एसीच हवा, कारण तो थंड गुंडाळीवर बाष्पाचं पाणी करून हवेतून काढूनही टाकतो.

शरीरही घाम उडवूनच थंड होत असतं, म्हणून उन्हातल्या कष्टाच्या कामासाठी किंवा खेळासाठी हाच आकडा महत्त्वाचा. वेट बल्ब 35 अंश ही माणसाची टोकाची मर्यादा, असं 2010 मध्ये सैद्धांतिक गणितातून मांडलं गेलं. पुढे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तरुण, धडधाकट माणसांची मर्यादाही दमट हवेत 31 च्या आसपास भरली. वृद्धांनी आणि आजाऱ्यांनी त्याहून बरंच आधी थांबायला हवं. यात सूर्याचा ताप धरलेला नाही, हेही लक्षात असू द्या.

एखाद्या ठिकाणी राहायला जायचं असेल तर आजची हवा बघून भागत नाही, हवामानाची सरासरी लागते. ती सहसा 30 वर्षांची असते, सध्या 1991 ते 2020 ची वापरतात. तिथेही दोन गावांच्या आर्द्रतेची टक्केवारी शेजारीशेजारी ठेवून काही ठरवू नका. एका ठिकाणचा आकडा सकाळचा आणि दुसऱ्याचा दुपारचा असेल तर तुलनेला अर्थ उरत नाही. महिन्याचा सरासरी दवबिंदू मिळाला तर तो पाहा. रात्री किती गार होतील याचाही अंदाज त्यातून येतो, कारण पारा दवबिंदूपाशी आला की दव धरू लागतं, त्यातून उष्णता सुटते आणि उतरण मंदावते.

एकच आकडा निवडायचा झाला तर मी दवबिंदू निवडेन. तो दिसत नसेल तर तोंडी हिशोब करता येतो: 100 मधून टक्का वजा करा, पाचाने भागा, आलेला आकडा तापमानातून वजा करा. 34 अंश, 70 टक्के, तीस भागिले पाच म्हणजे सहा, दवबिंदू 28. टक्का 50 च्या खाली गेला की हा हिशोब ढिला पडतो.

घरी आर्द्रतामापक घेणार असाल तर तापमानही दाखवणारा घ्या, नाहीतर हा हिशोब होणार नाही. स्वस्त यंत्रांत पाच टक्क्यांची चूक सहज असते. ती पकडायला एका झाकणात मीठ घेऊन ते दमट होईल इतकंच पाणी घाला, यंत्रासोबत घट्ट डब्यात बंद करा आणि रात्रभर ठेवा. आत 75 टक्के आर्द्रता तयार होते. यंत्र 70 दाखवत असेल तर त्या पट्ट्यातल्या वाचनात पाच मिळवायचे.