लॅपटॉपची निळी स्क्रीन, खोटा कस्टमर केअर आणि गेलेले 68,744 रुपये

नेटवर सर्च करून जो कस्टमर केअरचा नंबर सगळ्यात वर येतो, त्यावर फोन करू नका. बाकी काही वाचायला वेळ नसेल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल. माझे त्या एका फोनपायी 68,744 रुपये 32 पैसे गेले. मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी बाजूला काढलेले पैसे होते.

मी जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्याचा. जिनिंगमध्ये हिशोबाचं काम करतो, टॅली रोज हाताखालून जातं. हे आधीच सांगतो, कारण बँकेत आणि पोलीस ठाण्यात दोन्हीकडे माझ्याशी असं बोलले, जसा मी कालच मोबाईल हातात घेतलाय. मुलीची सीईटी झाली म्हणून 21,500 रुपयांचा छोटा लॅपटॉप घेतला. 11 इंची स्क्रीन, 4 जीबी रॅम, विंडोज 11 होम. दुकानातल्या पोराने तिथेच सुरू करून दिला, मुलीच्या नावाने मायक्रोसॉफ्टचं अकाउंट काढलं आणि आयडी-पासवर्ड बिलाच्या मागे पेनाने लिहून दिला. तो पासवर्ड पुढे कशाकशाला लागतो, याबद्दल अवाक्षर नाही.

कॅप राउंडचा, म्हणजे प्रवेशाच्या फेरीचा, ऑप्शन फॉर्म भरायचा होता, शेवटची तारीख उद्यावर आलेली. जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर, कॉलेजांची क्रमवार यादी, सगळं त्या लॅपटॉपमध्ये. रात्री अपडेट लागलं होतं. संध्याकाळी चालू केला तर निळी स्क्रीन, वर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) असं लिहिलेलं आणि 48 अंकी रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाची आकड्यांची किल्ली, टाका म्हणून रिकामी चौकट. ती की कोणी कधी दिली, कुठे असते, घरात कोणालाच माहीत नाही. पोरगी रडायला लागली. दुकान बंद झालेलं. अशा वेळी माणूस काय करेल? मी कंपनीचं नाव आणि कस्टमर केअर असं टाकून सर्च केलं. कंपनीचा लोगो लावलेला नंबर वरच आला, खाली चांगले शेरेही होते.

फोन उचलणारा हिंदीत बोलत होता, आवाज अगदी ऑफिसातला. "सर, आपका डिवाइस लॉक हो गया है, नई की जनरेट करनी पड़ेगी." लॅपटॉपचा सिरियल नंबर विचारला, मागे उलटा करून बघायला लावला, तक्रार क्रमांकही दिला. मग म्हणाला, लॅपटॉप तर उघडत नाहीये, म्हणून मोबाईलवर एनीडेस्क घ्या, तिकडून की पाठवतो. एनीडेस्क म्हणजे आपली स्क्रीन लांबच्या माणसाला दाखवणारं अ‍ॅप.

इथेच. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "लॅपटॉप बिघडेल शे ना, मंग मोबाईलमा काय करी ऱ्हायना तो?" तिने हा प्रश्न मोठ्याने विचारला, मी ऐकला, आणि हाताने तिला गप्प केलं. बिघाड एका मशीनमध्ये आणि तो शिरतोय दुसऱ्यात, ज्यात बँकेचे सगळे मेसेज येतात. याहून उघड खूण काय असते? रात्री पडल्यावर अजूनही तेच वाक्य कानात येतं. पण उद्याची तारीख आणि शेजारी रडणारी पोरगी, डोकं दुसरीकडे चालतच नव्हतं. ही माणसं घाईत असलेला माणूसच शोधत असतात.

एनीडेस्कचा नऊ आकडी नंबर त्याला सांगितला. त्याने एक पान उघडायला लावलं, रजिस्ट्रेशन चार्ज फक्त 10 रुपये, कार्डाने भरा. नंबर, तारीख, मागचे तीन आकडे, सगळं मी टाकलं. "सर, प्रोसेस चालू है, स्क्रीन को टच मत करना." स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं. वर ओटीपीचा मेसेज डोकावून गेला. त्या मेसेजात रक्कम लिहिलेली असते, हे मला पुरतं माहीत आहे. 24,999 लिहिलेलं होतं. मी स्क्रीनला हात लावायचा नाही म्हणून तो मेसेज उघडलाच नाही, आणि तो मात्र तिकडे बसून वाचत होता. पैसे कापल्याचा मेसेज आल्यावर म्हणाला, "वो होल्ड है सर, पाँच मिनट में रिफंड." त्याच पाच मिनिटांत पुन्हा 24,999. तेव्हा मी फोन तोडला, नेट बंद केलं, एनीडेस्क उडवलं. दहा रुपये तर कधी कापलेच गेले नाहीत.

आता पुढचं नीट वाचा, कारण माझं भांडण इथे आहे.

बँकेच्या टोल फ्री नंबरवर लगेच फोन लावला. अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा, मध्ये कर्जाची जाहिरात, मग माणूस. त्याला सगळं सांगितलं, कार्ड बंद करा म्हटलं. तक्रार नोंदवल्याचा एसएमएस 7 वाजून 52 मिनिटांनी आला. 8 वाजून 4 मिनिटांनी 18,746 रुपये 32 पैसे गेले. परदेशातल्या कुठल्यातरी साइटवर. त्याला ओटीपीही लागला नाही, कारण बऱ्याच परदेशी साइटवर नुसता कार्डाचा नंबर, तारीख आणि मागचे आकडे पुरतात. माझं कार्ड परदेशी व्यवहारांना चालू आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाचोऱ्याच्या माणसाला ते कशाला पाहिजे? बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते बंद करायचं बटण असतं. रिझर्व्ह बँकेने 2020 मध्येच ही सोय द्यायला लावलेली आहे. आत्ता उठा आणि ते बटण बंद करा.

शाखेत गेलो तर साहेबांचं एकच वाक्य: "ओटीपी तुम्हीच दिला ना?" पहिल्या दोन रकमांबद्दल मी मान खाली घालून ऐकून घेतलं. पण तिसरी? तक्रार घेतल्यावर बारा मिनिटांनी गेलेली रक्कमही माझ्याच माथी? रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक आहे. त्यात स्पष्ट आहे की चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. मी त्याची प्रिंट काढून नेली. साहेबांनी ती वाचलीसुद्धा नाही, "हेड ऑफिसला पाठवतो" म्हणून ट्रेमध्ये टाकली. माझ्या अर्जावर पोच मागितली तर शिक्का सापडत नव्हता. शिक्का त्यांच्या समोरच पडलेला होता, स्टॅम्प पॅडच्या शेजारी. मी उचलून हातात दिला तेव्हा मारला.

पोलीस ठाण्यात दुसराच प्रकार. "हे सायबरचं आहे, जिल्ह्याला जा." जिल्ह्याला गेलो तर "तुमच्या ठाण्याचं पत्र आणा." पत्र मागायला परत आलो तर साहेब बंदोबस्ताला. आयटी कायद्याच्या कलम 78 प्रमाणे तपास इन्स्पेक्टरच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, हे मला तिथेच कळलं. पण तपास इन्स्पेक्टर करणार म्हणून तक्रारही लिहून घ्यायची नाही, असं कुठे म्हटलंय? 1 जुलै 2024 पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 173 मध्ये गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यायची आहे. मी कलमाचा आकडा उच्चारल्यावर हवालदार म्हणाले, "वकील आहात का?" वकील नाही हो, पैसे गेलेला माणूस आहे. तोच माणूस तुमच्या दारात उभा असतो, त्याला बसायला खुर्ची तरी द्या. माझ्या मागे एक म्हातारे आजोबा पेन्शनचे पैसे गेले म्हणून आले होते, त्यांना तर आतही येऊ दिलं नाही.

खरं काम झालं ते 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर. त्याच रात्री फोन लावला, व्यवहारांचे क्रमांक दिले, म्हणून दुसऱ्या 24,999 मधले 9,200 रुपये पुढे एका वॉलेटमध्ये अडकवून ठेवता आले. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागतो, असं मला तेव्हा सांगितलं. पण निदान गेले तरी नाहीत. पैसे गेले की आधी बँक, लगेच 1930, मग नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर लेखी. ठाण्यात नंतर जा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात किती वेगाने पळतात ते मी पाहिलंय.

आणि ती निळी स्क्रीन? पुण्याच्या भाच्याने फोनवर सोडवली, फुकट. बिलामागचा आयडी-पासवर्ड घेऊन मोबाईलवरून मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये जायला लावलं. तिथे डिव्हाइसच्या खाली बिटलॉकरची रिकव्हरी की होती, 48 आकडे, सहा-सहाचे आठ गट. लॅपटॉपच्या स्क्रीनवर की आयडीची जी अक्षरं दिसतात ती तिथल्या आयडीशी जुळवायची आणि आकडे टाकायचे. लॅपटॉप उघडला, फॉर्म वेळेत गेला. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने सेटअप केलं की विंडोज 11 होममध्येही डिस्क बरेचदा आपोआप कुलूपबंद होते आणि की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. बायोसचं (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामचं) अपडेट किंवा तसा काही बदल झाला की ती मागितली जाते. त्यात बिघाड काहीच नसतो. विकणाऱ्याने एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर!

घरात नवा लॅपटॉप आला असेल तर आजच ती की कागदावर उतरवा आणि कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. दुकानदाराच्या स्वतःच्या ईमेलने सेटअप करून घेऊ नका, नाहीतर की त्याच्याकडे जाईल. मायक्रोसॉफ्टच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, नंबर दिसला की तो मेसेजच खोटा. आमच्या गल्लीतल्या एकाकडून एस मोड (फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच अ‍ॅप चालू देणारा विंडोजचा प्रकार) काढून देतो म्हणून 2,500 घेतले. ते सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनमधून स्टोअरवर जाऊन फुकट होतं, फक्त परत एस मोडमध्ये जाता येत नाही. कंपनीचा नंबर हवा असेल तर वॉरंटी कार्डावरचा घ्या.

बँकेने लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारीच्या पोर्टलवर जाता येतं, फी नाही, वकील नाही. माझी तक्रार तिथे गेली आहे. सोबत 7.52 चा एसएमएस, 8.04 चा मेसेज आणि शिक्का मारलेली पोच. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कोणाचे तक्रार नोंदवल्यानंतर पैसे गेले असतील आणि बँक हात वर करत असेल, तर ते दोन मेसेज डिलीट करू नका आणि तोंडी उत्तरावर घरी परतू नका.