दिनक्रमाची चित्रकार्डं, आठ महिने रोज वापरून (लेक १२ वर्षांची, डाऊन सिंड्रोम)

आमच्या लेकीसाठी आठ महिन्यांपूर्वी दिनक्रमाच्या चित्रकार्डांचा सेट घेतला, त्याबद्दल लिहितेय. घ्यायच्या आधी मी खूप शोधलं होतं, पण सापडायचं ते 'छान आहे, मुलाला आवडलं, पॅकिंग चांगलं' एवढंच, आणि मला हवं होतं की सहा महिन्यांनी ती कार्डं भिंतीवर आहेत की कपाटात गेली. म्हणून जरा लांबलंय. कंपनीचं नाव देत नाही, असे सेट बरेच जण काढतात आणि साचा साधारण एकच असतो.

बॉक्समध्ये तळहाताएवढी ६० कार्डं, मागे वेलक्रो, भिंतीवर लावायची उभी पट्टी, पट्टीच्या खाली 'झालं' लिहिलेला खिसा, एक छोटा 'आधी हे, मग ते' बोर्ड, आणि बाहेर न्यायला रिंगमध्ये अडकवलेली लहान कार्डं. काम झालं की मुलाने कार्ड स्वतः काढायचं आणि खिशात टाकायचं. बस एवढंच. अॅप नाही, बॅटरी नाही, आवाज नाही. आधी एक बोलणारं अॅप वापरून बघितलं होतं, त्यात ती काम सोडून बटणच दाबत राहायची, त्यामुळे मला हे साधं असणंच आवडलं.

चित्रंच का, तर डाऊन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांना ऐकलेलं लक्षात ठेवण्यापेक्षा बघितलेलं लक्षात ठेवणं सोपं जातं. त्यात कानाचं वेगळंच असतं, कानाच्या आतल्या वाटा अरुंद, पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू येणं कमीजास्त होत राहतं. मी सकाळी एका दमात म्हणायचे 'ब्रश कर, तोंड धू, टॉवेल जागेवर लाव', त्यातलं शेवटचं तेवढं तिच्यापर्यंत पोचायचं, ती बिचारी टॉवेल लावायला जायची आणि मी मागून ओरडायचे की अगं ब्रश कुठे केलास. किती वर्षं हे चाललं. बोललेलं विरून जातं, चित्र तिथेच असतं, विसरलं तर मान वर करून परत बघता येतं आणि कुणाला विचारावं लागत नाही. हे 'कुणाला विचारावं लागत नाही' फार महत्त्वाचं आहे, त्याकडे परत येते.

आधी थोडं आमच्याबद्दल सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिला जन्मतः हृदयाचा दोष होता, डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांना असा काही ना काही दोष असतो, तिचं ऑपरेशन सहाव्या महिन्यात झालं. त्या दिवसांत बाळाचं सगळं आपण करायचं, हीच सवय लागते, श्वास मोजायचा, औषध मोजायचं, रडू द्यायचं नाही. बाळ बरं होतं, चालायला लागतं, शाळेत जातं, आणि आपले हात थांबतच नाहीत. ११ वर्षांची होईपर्यंत तिच्या शर्टाची बटणं मी लावत होते. तिला जमणार नाही असं मी सगळ्यांना सांगायचे, पण खरं कारण सकाळची घाई होती.

तर कार्डं आली आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं की मी कार्ड असूनही बोलतेच आहे. ती पट्टीसमोर उभी, चित्र समोर, आणि मी मागून 'हं, आता पेस्ट, पेस्ट घे'. मग तिच्या ओटी ताईंनी (रोजची कामं स्वतः करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट) एक काम दिलं, वहीत फक्त माझं बोलणं मोजायचं. तिने काय केलं ते लिहायचंच नाही, मी किती वेळा बोलले, बोट दाखवलं किंवा हात धरला तेवढं लिहायचं. पहिल्या दिवशी एका ब्रशला १४ वेळा. चौदा! मला रडूच आलं. त्या म्हणाल्या, चित्र दाखवून मनात १० पर्यंत मोजा, मगच काय ते करा, कारण या मुलांना ऐकलेलं-बघितलेलं आत पोचून हात हलायला वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्याच सेकंदाला परत बोलतो, म्हणजे आधीचं पोचायच्या आत त्यावर दुसरं जाऊन पडतं. १० सेकंद किती लांब असतात ते स्वतः उभं राहून बघा, पाचव्या-सहाव्याला जीव कासावीस होतो. पण आठव्या-नवव्या सेकंदाला तिचा हात ब्रशकडे जायचा. कितीतरी वेळा. म्हणजे आधीही तो जाणारच होता, मीच मध्ये येत होते.

महिन्याभराने १४ चे ६ झाले, तिसऱ्या महिन्यात २. माझ्या दृष्टीने सेटचा खरा उपयोग हा, माझ्या आवाजाची जागा कार्डाने घेतली. आणि कार्ड आवाजापेक्षा बरं, कारण कार्ड भिंतीवरून काढता येतं. आईचा आवाज काढता येत नाही, तो मुलाच्या कानात असा बसतो की आई शेजारी नसली तर मूल सुरूच करत नाही.

आता हे काढायचं कसं, तर सोबतच्या पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळ नाही, याचा मला खरंच राग आला. पुस्तिकेत काय आहे, तर डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, १९५९ साली लेज्यून या फ्रेंच डॉक्टरांनी ते दाखवून दिलं, एकूण गुणसूत्रं ४६ च्या ऐवजी ४७, हे दोन पानं आहे. बरोबर आहे सगळं, पण सेट घेणाऱ्या आईबापाला हे मूल झालं त्याच आठवड्यात समजलेलं असतं. त्या दोन पानांत 'कार्ड कधी आणि कसं कमी करायचं' लिहिलं असतं तर किती जणांचे महिने वाचले असते.

आम्ही काय केलं ते सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर बघा. नवीन काम शेवटून शिकवलं, थेरपिस्ट याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. टी-शर्ट घालायचा तर डोकं आणि दोन्ही हात मी घालून द्यायचे आणि पोटावरून खाली ओढायचं तेवढं तिने. म्हणजे पहिल्याच दिवशी काम *तिने* पूर्ण केलं, कार्डही तिनेच खिशात टाकलं. मग दुसरा हात तिचा, मग पहिला, मग डोकं. सुरुवातीपासून शिकवलं की मूल पहिल्या पायरीला दमतं आणि उरलेलं आपण उरकून टाकतो, पूर्ण केल्याचं समाधान त्याला कधी मिळतच नाही. बटणांना असेच साडेतीन महिने लागले, खालच्या बटणापासून वर. तिचे स्नायू सैल आहेत, बोटं आखूड आहेत, कॉलरचं बटण अजून होत नाही, ते उघडंच ठेवतो.

आणि एखादं काम सलग दोन आठवडे माझ्या एकाही शब्दाशिवाय झालं की त्या कामाची छोटी छोटी कार्डं काढून एकच कार्ड ठेवायचं. ब्रशची नऊ होती, मग चार, मग एक, आता एकही नाही.

आता तक्रारी. सर्वात मोठी तक्रार चित्रांची. सगळी चित्रं तीन-चार वर्षांच्या बाळाची आहेत, अंघोळीच्या कार्डावर टबात बदकाशी खेळणारं बाळ. माझी लेक १२ वर्षांची आहे, तिची पाळी सुरू झालीय. 'तिचं मानसिक वय कमी आहे ना, मग चालेल की' असं मला दोघातिघांनी सांगितलं, आणि हे वाक्य मला अजिबात पटत नाही, कारण गणित जरी छोट्या मुलासारखं असलं तरी शरीर, लाज, मैत्रिणी, आवडीनिवडी बारा वर्षांच्या मुलीच्याच आहेत. शाळेत वर्गासमोर ती बदकाचं कार्ड काढणार का? नाही काढलं तिने, दप्तरात दाबून ठेवलं. बरोबर केलं.

पाळीचं कार्डच नाही सेटमध्ये. दार लावून कपडे बदलायचं नाही, 'नको' म्हणायचं नाही, 'मला मदत हवी' नाही, 'मी हरवले' नाही. म्हणजे मोठं होताना जे जे लागतं ते सगळं गायब. कंपनीला लिहिलं, उत्तर आलं पण त्यात दुसऱ्या सेटची माहिती होती, तोही ३ ते ६ वर्षांचाच.

दुसरं म्हणजे कार्डाला चकचकीत लॅमिनेशन आहे, दिव्याखाली नुसतं चमकतं. या मुलांमध्ये चष्मा खूप जणांना असतो आणि फिकट-बारीक गोष्टी नीट दिसत नाहीत, त्यात कार्डावर फिकट निळ्यावर पांढरी बारीक अक्षरं. ज्यांच्यासाठी बनवताय त्यांच्या डोळ्यांचा विचार नको का करायला? वेलक्रो मात्र सुरुवातीला फार घट्ट होतं, तिला ओढताच येईना, मी अर्धं कापून टाकलं मग जमलं.

शेवटी आम्ही आमचेच फोटो काढले. आमचं बेसिन, तिचाच ब्रश, तिचाच हात. पांढरी पार्श्वभूमी, मॅट कागद, खाली जाड काळ्या अक्षरात एकच शब्द. आणि यातून एक न ठरवलेला फायदा झाला, ती ते शब्द वाचायला लागली. यातल्या बऱ्याच मुलांना अक्षर-अक्षर जोडण्याआधी अख्खा शब्द चित्रासारखा ओळखून वाचता येतो हे आम्हाला स्पीच थेरपिस्टने पूर्वी सांगितलं होतं, पण घरात रोज दिसणारे शब्द हे त्याचं एवढं चांगलं साधन असेल हे लक्षातच आलं नव्हतं. २७ शब्द झालेत. 'टॉवेल' ती बोलताना अजून अर्धाच बोलते, वाचते मात्र पूर्ण.

शाळेबद्दल. आधीच्या एका शाळेत तिला घेतलं होतं, नाव सर्वसमावेशक, पण दिवसभर एक ताई तिच्या शेजारी, शिक्षक काय बोलायचं ते ताईंशी बोलायचे, मुलं ताईंना विचारायची 'ती खेळेल का?'. वर्गात असूनही वर्गाची नव्हती ती. आताच्या वर्गशिक्षिकेने आमची रिंग बघून स्वतःहून फळ्याच्या बाजूला सगळ्या वर्गासाठी दिवसाची चित्रं लावली, आता प्रार्थना, मग गणित, मग खेळ. झालं असं की विसरणारी, गोंधळणारी अजून पाच-सहा मुलं त्याकडे बघायला लागली, आणि माझ्या लेकीची वस्तू 'तिची वेगळी वस्तू' राहिलीच नाही. शेजारच्या बाकावरची मैत्रीण फार प्रेमळ, पण ती सगळंच करून द्यायची, दप्तर भरून, डबा उघडून. बाईंनी तिला एवढंच सांगितलं, 'आधी तिला विचार, मदत हवी का, आणि ती उत्तर देईपर्यंत थांब.' ते १० सेकंद इथेही!

मध्ये पाचव्या महिन्यात सगळं कोसळलं होतं. झालेली कामं बंद, कार्ड दाखवलं की जमिनीवर ठिय्या, दुपारी पेंग. घरात सगळे म्हणाले हट्टीपणा वाढलाय, कार्डांचा कंटाळा आलाय. मी पण तेच धरून चालले होते आणि दोन आठवडे तिच्यावर चिडत राहिले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. थायरॉइड कमी झालं होतं. ही तपासणी दरवर्षी करायचीच असते, आमची चार महिने लांबली होती. औषध सुरू झालं आणि हळूहळू परत आली ती मार्गावर. तेव्हा कुणाचं मूल अचानक मागे गेलं तर आधी थायरॉइड, कान आणि झोपेतलं घोरणं-श्वास अडकणं तपासून घ्या, वागण्याचा विचार त्यानंतर.

एवढं स्वतःचं स्वतः करण्याच्या मागे का लागलीस असं मला विचारतात, करशील ना तू तिचं. करीन, पण किती वर्षं? अमेरिकेतले आकडे बघा, १९८३ च्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुष्य २५ च्या आसपास होतं, आज ६० च्या घरात आहे, हृदयाची ऑपरेशनं वेळेवर व्हायला लागली हे त्यातलं एक मोठं कारण. म्हणजे मी नसताना ती असणार आहे, बरीच वर्षं असणार आहे. नातेवाईक मला क्रिस निकिकचे व्हिडिओ पाठवतात, २०२० मध्ये आयर्नमॅन ही शर्यत पूर्ण करणारा डाऊन सिंड्रोम असलेला पहिला माणूस, ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. बघून ऊर भरून येतो. पण मला त्यातलं जास्त भिडलं ते त्याचं रोज एक टक्का पुढे जायचं ठरवणं, कारण ते मला आमच्या बेसिनपाशी रोज दिसतं.

मागच्या महिन्यात तिने स्वतः एक कार्ड बनवलं. कागदावर चौकोन, त्याला कडी, आणि बाहेर उभी असलेली एक बाई, खाली 'आई' लिहिलेलं. बाथरूमच्या दारावर बाहेरून चिकटवलं आणि आतून दार लावून घेतलं. मी बाहेर उभी राहिले. १० सेकंद नाही, १८ मिनिटं. बाहेर आली तेव्हा टी-शर्ट उलटा होता, बाकी सगळं झालेलं, केसही विंचरलेले.

तर घ्यावं का? मूल ३ ते ६ वर्षांचं असेल तर घ्या, तिथे ५ पैकी ४ स्टार. ८-९ च्या पुढे असेल तर कार्डांसाठी घेऊ नका, पट्टी, खिसा आणि रिंग सुटी मिळाली तर तेवढीच घ्या आणि फोटो घरचे लावा, तिथे माझ्याकडून २. 'आधी हे, मग ते' बोर्ड मात्र सगळ्यांनाच उपयोगी आहे, बाहेर जाताना, डॉक्टरकडे वाट बघताना आम्ही अजून वापरतो. सुरुवातीला एकच काम निवडा, आम्ही पहिल्या दिवशी अख्खा दिवस भिंतीवर लावला होता आणि ती बघूनच पळून गेली. आणि वेलक्रो आधी कापून घ्या.

सध्या पट्टीवर पाच कार्डं आहेत, त्यातली तीन पाळीची, एक दप्तराचं, एक बुटांच्या लेसचं. लेस जमत नाहीये, पुढच्या आठवड्यात तेही काढून वेलक्रोचे बूट घेणार आहोत.