प्रवेशपत्र व्हॉट्सॲपवर आलं, पण केंद्रावर नावच नव्हतं

डिसेंबरच्या जेएलपीटीला, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेला, तुमचं नाव आम्ही नोंदवतो असं सांगून नागपुरातल्या एका क्लासने आमच्याकडून पैसे घेतले, हातात बनावट प्रवेशपत्रं दिली आणि पुण्याच्या केंद्रावर आम्हाला दारातूनच परतावं लागलं. पोलिसांत आणि ग्राहक आयोगात तक्रार केली आहे, त्यामुळे क्लासचं नाव इथे देत नाही. फसवण्याची पद्धत मात्र सविस्तर लिहिते. जर्मन, फ्रेंच, कोरियन, कुठल्याही भाषेच्या नावाने हे होऊ शकतं, आणि घरच्या घरी स्वतःच भाषा शिकणारा माणूस त्यात सगळ्यात आधी सापडतो.

मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. जपानीची ओढ जुनी. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर १९९९ साली उघडलं, तेव्हापासून घरचे आम्हाला तिथे न्यायचे. जपानहून आलेले पाहुणे तिथे हळू आवाजात आपसात बोलायचे आणि मी जवळ उभी राहून ऐकत राहायची. बौद्ध भिक्खू भन्ते सुरेई ससाई तर जपानच्या ओकायामात जन्मले, नागपूरला आले, इथलेच झाले, भारताचं नागरिकत्व घेतलं. एवढ्या लांबून आलेला माणूस आपल्या लोकांशी आपल्या बोलीत बोलतो, तर आपण त्यांची भाषा का शिकू नये, असं मला तेव्हापासून वाटायचं.

पुढे नोकरी लागली आणि कंपनीच्या बसमध्ये शिकणं सुरू झालं. जपानीच्या तीन लिप्या एकेक करून: आधी हिरागाना, मग काताकाना, मग पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर कांजी. जपान फाउंडेशन या जपानच्या सरकारी संस्थेचं ‘इरोदोरी’ हे पुस्तक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, आवाजाच्या फायलींसकट. त्यांचंच ‘मिनातो’ नावाचं ऑनलाइन शिकायचं ठिकाण आहे. एवढ्यावर वाचन बरंच पुढे गेलं. पण दोन गोष्टी एकट्याने होत नाहीत. एक, बोलायला समोर माणूस लागतो. दुसरी, आपण नेमके कुठवर आलो हे कुणीतरी तपासून सांगावं लागतं. त्या क्लासच्या जाहिरातीत नेमक्या याच दोन गोष्टी होत्या: दर शनिवारी तोक्योच्या शिक्षिकेशी थेट संभाषण, आणि एन४ (जेएलपीटीच्या एन५ ते एन१ या पाच पातळ्यांतली खालून दुसरी) पास होण्याची हमी, परीक्षेच्या नोंदणीसकट.

शहरातल्या एका गजबजलेल्या चौकाजवळ, दुकानांच्या वर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीवर फ्रेम केलेली प्रमाणपत्रं. क्लासचे सर गोड बोलायचे. फी १८,५०० रुपये. पुस्तकाचे २,४०० वेगळे, आणि ते सक्तीचं. परीक्षेच्या नोंदणीचे ६,५००, जे खऱ्या परीक्षा शुल्काहून बरेच जास्त होते. पैसे क्लासच्या खात्यावर नाही, एका बाईंच्या वैयक्तिक यूपीआयवर. विचारलं तर म्हणाले, “चालू खातं उघडणं सुरू आहे मॅडम, सध्या मिसेसच्या नंबरवर टाका.” पावती हाताने लिहिलेली, तिच्यावर ना जीएसटी क्रमांक ना नोंदणी क्रमांक.

पुस्तक हातात आलं आणि मी ते लगेच ओळखलं. इरोदोरीच होतं ते. झेरॉक्स काढून स्पायरल केलेलं, वर क्लासचं रंगीत मुखपृष्ठ. प्रत्येक पानाच्या तळाशी पांढरी पट्टी चिकटवून झेरॉक्स काढल्याची करडी रेघ उमटली होती. जपान फाउंडेशन सगळ्या जगाला फुकट देतं ते पुस्तक आमच्याकडे २,४०० रुपयांना विकलं जात होतं. सरांना सांगितलं, तर म्हणाले, “आम्ही सुधारून छापलं आहे.”

शनिवारचं संभाषण तर त्याहून वाईट. ते रात्री ९ वाजता असायचं. जपानची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी पुढे आहे, म्हणजे तोक्योत तेव्हा मध्यरात्र उलटून साडेबारा झालेले. तिथली शिक्षिका दर आठवड्याला त्या वेळी आमच्यासाठी जागी राहते, असं आम्हाला सांगितलं जायचं. त्यांचा कॅमेरा कायम बंद. त्या एक वाक्य म्हणायच्या, आम्ही ते पुन्हा म्हणायचं. प्रश्न विचारायचा तर सरांना मेसेज करायचा, मग सर म्हणायचे, “सेन्सेई (म्हणजे शिक्षिका) पुढच्या वेळी सांगतील.” एकदा मी सरळ जपानीतच विचारलं, तुमच्याकडे आत्ता किती वाजले? पलीकडून आधीचंच वाक्य पुन्हा आलं, त्याच सुरात, त्याच ठिकाणी श्वास घेऊन. तो आवाज मी कंपनीच्या बसमध्ये कितीदा तरी ऐकलेला होता. इरोदोरीच्या फायलीतलाच तो तुकडा होता. सरांनी लगेच “नेट गेलं” म्हणत मीटिंग बंद केली.

सोमवारी मी पैसे परत मागितले. इथे त्यांची खरी चाल लक्षात आली. सर म्हणाले, “मॅडम, तुम्ही कायले टेन्शन घेता? पैसे देतो ना. पण मग परीक्षेचा फॉर्म पण कॅन्सल होईल, पुढच्या जुलैपर्यंत थांबा लागेल.” ही धमकी लागू पडली, कारण तिचा अर्धा भाग खरा आहे. जेएलपीटी वर्षातून दोनदाच होते, जुलैच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. भारतात केंद्रं मोजकी, जागा मर्यादित, आणि नोंदणी सुरू झाली की जागा भराभर भरतात. आम्ही चौकशी करत होतो तोवर नोंदणीची मुदत संपलीही होती. म्हणजे आमचं डिसेंबर त्यांच्या मुठीत, आणि म्हणून फी, पुस्तक, शनिवार, कशाबद्दलच कुणी आवाज चढवत नव्हतं.

त्यांनी कुणाचाच अर्ज भरलेला नव्हता. अर्ज उमेदवाराला स्वतः ऑनलाइन भरता येतो, स्वतःचा फोटो आणि स्वतःचा ईमेल देऊन. त्यासाठी कुठल्याही क्लासची गरज नसते. सरांनी मात्र सगळ्यांना एकच सांगितलं होतं: एकेकट्याचे फॉर्म रिजेक्ट होतात, आमचा कोटा आहे.

प्रवेशपत्रं परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आली, नुसती चित्रं म्हणून. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने आम्ही निघालो. कुणी बुटीबोरीचं, कुणी मानेवाड्याचं, एक मुलगा उमरेडकडचा. बडनेरा गेल्यावर जेवणं झाली, फोन बाहेर निघाले आणि आम्ही सहज एकमेकांची प्रवेशपत्रं पाहू लागलो. दोघांचा क्रमांक एकच होता. मग सगळ्यांनी नीट पाहिलं. माझ्या प्रवेशपत्रावर फोटो माझा, नाव माझं, जन्मतारीख मात्र शेजारी बसलेल्या मुलीची. आणखी एकाच्या प्रवेशपत्रावरही तीच तारीख. एकाचं बनवून बाकीच्यांवर नुसती नावं चढवली होती, आणि काही रकाने बदलायचे राहून गेले होते. सरांना फोन लावला. “सिस्टिमची चूक आहे, सकाळी गेटवर माझा माणूस भेटेल,” असं म्हणाले. त्यानंतर फोन बंद.

सकाळी गेटवर कुणी माणूस नव्हता. केंद्रावरच्या एका बाईंनी आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आधी फोनवरचं चित्र मोठं करून पाहिलं, मग हातातल्या यादीचं एकेक पान बोट फिरवून तपासलं, मग आत जाऊन दुसरी यादी आणली. आमच्यातलं एकही नाव कुठल्याच पातळीच्या यादीत नव्हतं. त्यांचा आवाज जराही चढला नाही. “हे आमच्याकडून गेलेलं नाही. हे चित्र पुसू नका, पोलिसांना दाखवा,” एवढंच म्हणाल्या. ही परीक्षा पेन्सिलने गोळे भरून द्यायची असते. उमरेडच्या मुलाने टोक काढलेल्या तीन पेन्सिली शर्टाच्या खिशात लावून आणल्या होत्या. आतली बेल झाली तरी तो गेटपाशीच उभा होता. “ताई, बाबांना काय सांगू?” असं त्याने विचारलं, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

त्याचं नुकसान आमच्याहून मोठं आहे. मी हौसेने शिकते, तो नोकरीसाठी शिकत होता. जपानने २०१९ साली विशिष्ट कौशल्याच्या कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला. त्यासाठी त्या कामाची कौशल्य परीक्षा आणि भाषेची एन४ किंवा जपान फाउंडेशनची जेएफटी-बेसिक ही परीक्षा पास व्हावी लागते. सरांनी त्याला वृद्धांच्या देखभालीच्या कामाला जपानला पाठवतो म्हणून दीड लाख सांगितले होते आणि ४०,००० आगाऊ घेतलेही होते. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही तपासता येते, आणि त्याने घ्यायचं सेवा शुल्क नियमाने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच आहे. सरांचं नाव त्या यादीत नाही.

परत आल्यावर मी क्लासच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रांचे जुने फोटो उघडून पाहिले, पहिल्या दिवशी काढलेले. ‘जेएलपीटी समकक्ष एन३, स्पीकिंग ८८ टक्के’ असं एकावर लिहिलं होतं. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, लिहिण्याचीही नसते. शब्द-व्याकरण, वाचन आणि ऐकणं एवढंच तपासतात. निकाल टक्क्यांत नसतो, १८० पैकी गुण असतात. एन३ ला ९५ लागतात आणि शिवाय तिन्ही भागांत किमान १९. एन४ ला ९० लागतात. सर आम्हाला असंही सांगायचे की प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांनी संपते, मग आमच्याकडून रिन्यू करून घ्या. जेएलपीटीच्या प्रमाणपत्राला अशी मुदत नसते. एखादी कंपनी अलीकडचा निकाल मागते, ती गोष्ट वेगळी.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा फीचं भांडण आहे, ग्राहक मंचात जा, असं सांगितलं गेलं. दुसऱ्यांदा आम्ही सगळे मिळून गेलो, प्रवेशपत्रं छापून, यूपीआयच्या नोंदी काढून, केंद्रावर नाव नसल्याचं लेखी सांगणारा ईमेल घेऊन. फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि बनावट दस्तऐवज म्हणजे कलम ३३६, हे अर्जात लिहिलं होतं. या वेळी अर्ज घेतला गेला. आमच्यातल्या एका मुलीकडून शुक्रवारी रात्री ‘नाव दुरुस्तीचे’ म्हणून ९०० रुपये घेतले होते. तिने लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, आणि तिच्या तक्रारीची नोंद सगळ्यात आधी झाली. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला हा नंबर फिरवा. जितका उशीर, तितकी रक्कम थांबवणं अवघड.

ग्राहक आयोगात वकील लागतोच असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या पोर्टलवर घरून दाखल करता येते, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून घ्या, कागद कसे लावायचे ते नीट सांगतात.

एकट्याने शिकणाऱ्यांना माझं सांगणं आहे. क्लास जरूर लावा, चांगले शिक्षक नागपुरात आहेत. पण परीक्षेचा अर्ज आणि क्लासची फी यांची गाठ कुणालाही मारू देऊ नका. अर्ज स्वतःच्या ईमेलवरून भरा, पासवर्ड स्वतःकडे ठेवा, शुल्क थेट परीक्षा घेणाऱ्या संस्थेला द्या. कुणी भरून देतोच म्हणाला तर त्याच दिवशी नोंदणीचा ईमेल तुमच्या इनबॉक्समध्ये यायला हवा. आला नाही, तर मुदत उरलेली असतानाच स्वतः भरा. जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन आणि फ्रेंचसाठी आलियॉन्स फ्रान्सेज यांच्याकडे परीक्षेबद्दल थेट विचारता येतं. परदेशी शिक्षक आहेत असं सांगितलं तर पैसे भरण्याआधी कॅमेरा चालू ठेवून पाच मिनिटं बोलायला मागा, आणि पुस्तकात नसलेलं काहीतरी विचारा: आज तिकडे पाऊस आहे का, सकाळी काय खाल्लं. भाषा कच्ची असली तरी विचारा, खऱ्या शिक्षकाला त्याचा आनंदच होतो.

जुलैचा अर्ज मी स्वतः भरणार आहे, उमरेडच्या मुलाचाही त्याच्यासमोर बसून, त्याच्याच फोनवरून. त्या क्लासची जाहिरात आता वेगळ्या नावाने फिरते आहे, शहराच्या दुसऱ्या भागाचा पत्ता घेऊन, पण भिंतीवरच्या प्रमाणपत्रांचा फोटो तोच आहे आणि पैसेही त्याच बाईंच्या यूपीआयवर मागितले जातात. ज्यांनी तिथे पैसे भरले असतील त्यांनी पावती, व्यवहाराच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नयेत, आणि आपल्या ठाण्यात अर्ज द्यावा. जितके अर्ज जास्त, तितकं हे फीचं भांडण म्हणून बाजूला सारणं कठीण होईल.